अडल्यावर आरोहीला बोलावतात

भाईंदर पूर्व
१८ मार्च २०१८

दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांगा.

तुम्ही फोन उचलत नाही. अमोलच्या फोनवरून बोलावं म्हटलं तर माझं नाव ऐकून तुम्ही पडवीत निघून जाता, असं तोच म्हणाला. बापाला काय बोलणार बिचारा. म्हणून पत्र लिहितोय. पत्र फाडायचं तरी हातात घ्यावं लागतं.

आरोहीला जपानला जाऊन महिना होऊन गेला. सुखरूप आहे. थंडी आहे म्हणते.

दादा, तुम्ही तुमच्या मेव्हण्यांना त्यांच्या मुलासाठी शब्द दिला होता, साखरपुड्याचा हॉल ठरला होता, सगळं मान्य. मुलगा चांगला आहे, बँकेत आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. पण आरोहीने जानेवारीतच तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, "काका, मला आत्ता लग्न नको, माझं जपानचं चाललंय." तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं, पोर थट्टा करतेय.

ती निघाली त्या दिवशी तुम्ही आमच्या दारात उभे राहिलात. आत आला नाहीत. सरूने पाणी आणलं, ते घेतलं नाहीत. म्हणालात, "पोरगी बॉल फेकायला परदेशात जाते आणि बाप तिची बॅग उचलतो. आजपासून मला भाऊ नाही." बॅग मी उचलली हे खरं आहे. फार जड होती.

ती काय खेळते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण सांगतो. खेळाचं नाव बेसबॉल. शाळेत रुचिता मॅडम म्हणून पीटीच्या बाई होत्या, त्यांनी सहावीत हिचा हात हेरला. पुढे महाराष्ट्राकडून खेळली, मग देशाकडून. गेल्या वर्षी एका शिबिराला जपानचा कोच आला होता. हिचा बॉल बघून त्याने आपल्या भाषेत विचारलं असतं तर मलाही कळलं असतं, पण तो दुभाष्याला म्हणाला आणि दुभाष्या हिला, "आमच्याकडे पगारी खेळशील का?" तिथे बायकांच्या पगारी टीम आहेत. समुद्राकाठच्या एका लहान शहराची टीम आहे, तिच्यात ही.

तुमच्या मनात आलं तर उत्तर द्या. घाई नाही.

दत्ताराम


२ सप्टेंबर २०१८

दादा,

आरोहीचा पहिला सामना झाला. चांगला झाला. आम्ही मोबाईलवर बघितला. तिथल्या घड्याळात दुपार असते तेव्हा इकडे आपली न्याहारीची वेळ, त्यामुळे बरं पडतं. शेजारच्या हंसाबेनही आल्या होत्या, ढोकळा घेऊन. टीमचे कपडे निळे आहेत, आरोहीला शोभतात.

माझा कारखाना ठीक चाललाय. स्टीलच्या डब्यांना मागणी आहे. पॉलिशच्या मशीनवर आता माझ्या हाताखाली तिघं आहेत.

वर लिहिलेलं परत वाचलं. दादा, सामना चांगला झाला नाही.

आरोही पिचर आहे, म्हणजे बॉल टाकणारी. बॉल नीट चौकटीत पडला पाहिजे. चार बॉल बाहेर गेले की समोरच्या बाईला पहिला बेस फुकट. बेस म्हणजे मैदानात टप्प्याटप्प्यावर ठेवलेल्या गाद्या, त्या ओलांडत घरापर्यंत आली की एक धाव. आरोहीने आल्या आल्या एकीला फुकट सोडली. मग दुसरीला. मग तिसरीला. तिन्ही बेस भरले, त्यामुळे चौथीलाही सोडल्यावर एक धाव आपोआप गेली. तेव्हा कोच चालत मैदानात आला आणि तिच्या हातातून बॉल काढून घेतला. या खेळात एकदा काढलं की त्या दिवशी परत येता येत नाही.

हंसाबेन म्हणाल्या, "भाई, बॉल क्यों ले लिया उसका?" सरूने मोबाईल उपडा ठेवला.

संध्याकाळी आरोहीचा फोन आला.

"पप्पा, बघितलंत?"

"बघितलं."

"सगळं?"

"सगळं."

"बरं झालं. आता याच्यापेक्षा वाईट काही बघायला लागणार नाही तुम्हाला."

मी तिला म्हटलं, परत यायचं असलं तर ये. ती म्हणाली, "उद्या सकाळी प्रॅक्टिस आहे."

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. तुम्ही म्हणाल, मी सांगत होतो. म्हणा.

दत्ताराम


३० जून २०१९

दादा,

आज मुद्दाम लिहायला बसलोय. सरू म्हणते, "आधी जेवा, पत्र कुठे पळतंय." जेवण नंतर.

आधी एक समजून घ्या. पिचर दोन जातीच्या असतात. एक सुरुवात करणारी. तिचा फोटो पोस्टरवर, तिचं नाव आधीपासून जाहीर. दुसरी रिलीफ पिचर. पहिली थकली किंवा अडचणीत आली की हिला बोलावतात. बोलावतील का, कधी, काही ठाऊक नसतं. मैदानाच्या कडेला जाळी लावलेली जागा असते, तिथे हात गरम करत बसायचं. त्या जागेला बुलपेन म्हणतात. मी आरोहीला म्हटलं, म्हणजे आपला गोठाच की. आता ती मेसेज करते, "पप्पा, गोठ्यात बसलेय."

आरोहीला त्यांनी रिलीफमध्ये टाकलंय. सुरुवातीला मला वाईट वाटलं होतं. वाटलं, पोरीला मागच्या बाकावर बसवली. आज सकाळी कळलं काय ते.

त्यांची टीम एका धावेने पुढे होती. सुरुवातीच्या पिचरने तिन्ही बेस भरून ठेवले आणि समोरची एकही बाद नाही. म्हणजे एक साधा फटका आणि खेळ खल्लास. कोचने गोठ्याकडे हात केला. आरोही पळत आली. घाण दुसरीने केलेली, निस्तरायची हिने, आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरीकडे सगळं मैदान बघतंय.

पहिली तीन बॉलमध्ये बाद, तीनदा बॅट हुकली की बाद धरतात. बॅटला वाराही लागला नाही. दुसरीने उंच मारला, पण तिथल्या तिथे, आमच्याच मुलीने झेलला. तिसरीला आरोहीने असा बॉल टाकला की तो सरळ येता येता खाली बसला. बाईने बॅट फिरवली आणि स्वतःच गुडघ्यावर आली. तीन बाद, डाव संपला.

आरोही नाचली नाही, ओरडली नाही. टोपी सारखी केली आणि चालत बाहेर गेली.

जिंकल्याचं श्रेय कागदावर पहिल्या पिचरलाच गेलं, असा नियम आहे म्हणे. आरोहीला विचारलं, "तुला वाईट नाही वाटत?" तर म्हणते, "पप्पा, अडल्यावर त्यांनी मला बोलावलं. आख्ख्या टीममधून मला." 

कारखान्यात मी चहा पाजला सगळ्यांना. आमचा मुकादम गुणवंत, त्याला वाटलं मी आजोबा झालो.

दत्ताराम


९ ऑगस्ट २०२०

दादा,

अमोल म्हणाला तुम्हाला ताप होता, आता उतरलाय. वाफ घ्या. बाहेर पडू नका. गणपतीला मुंबईची माणसं येतील, त्यांना आधी वेगळ्या खोलीत ठेवा, भिडेला पडू नका.

कारखाना बंद आहे. आम्ही ठीक. आता भाईंदरातच इंद्रलोकमध्ये राहायला आलोय, पत्ता पाकिटावर लिहिलाय. दोन खोल्या आहेत आणि वारा आहे.

आरोही तिकडेच अडकली. रिकाम्या मैदानात खेळतात. टाळ्या नाहीत, त्यामुळे बॉल मिटमध्ये, म्हणजे झेलायच्या चामडी हातमोज्यात, बसल्याचा आवाज मोबाईलवर स्पष्ट येतो. सरू डोळे मिटून नुसता आवाज ऐकते आणि सांगते, हा आपल्या आरोहीचा.

कोपर थोडं दुखतं म्हणाली. थोडंच.

दत्ताराम


२२ मे २०२२

दादा,

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आरोही इथे आहे, जानेवारीपासून. गावात बोलतायत की तिला तिकडून काढून टाकली. अमोलने सांगितलं. बरोबर आहे, करार संपवला त्यांनी. तुम्ही दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका.

कोपरातली शीर तुटली होती. दुखणं ती दीड वर्ष लपवत होती. मला थोडं म्हणाली, मी तुम्हाला थोडं लिहिलं. ऑपरेशन तिकडेच झालं. मनगटातली शीर काढून कोपरात बसवली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी जाईल, आणि पुन्हा तसाच बॉल पडेल याची खात्री कोणी देऊ नये.

इथे आली तेव्हा तिला भाकरीचं पीठ मळता येत नव्हतं. सरू तिच्या केसांची वेणी घालायची, सहावीत घालायची तशी. एकदा सरूने विषय काढला, "आता पुरे नाही का गं?" दुसऱ्या दिवसापासून आरोही पहाटे उठून जिना चढायला-उतरायला लागली, आणि सरूने तो विषय परत काढला नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी बॉल टाकायला परवानगी दिली. पण झेलणार कोण? सोसायटीच्या पोरांना क्रिकेट येतं, पण हिचा बॉल अंगावर आला की ती बाजूला होतात. शेवटी मीच बसलो. तिचं जुनं मिट हातात घालून, गुडघ्यात वाकून. मोरवा गावाच्या बाजूला मिठागराजवळ मोकळी जागा आहे, तिथे रोज सकाळी जातो.

सुरुवातीला ती दहा पावलांवरून हळू टाकायची. मग मागे मागे गेली. एकदा चुकला आणि माझ्या छातीवर बसला. मी मागे आडवा. आरोही धावत आली, रडायला लागली. ऑपरेशनला रडली नव्हती. मी म्हटलं, "बॉल चौकटीत होता की बाहेर?" ती म्हणाली, "चौकटीत." मी म्हटलं, "मग मी चुकलो. जा परत."

मोरव्यातले एक म्हातारे रोज शेळ्या घेऊन येतात आणि बघत उभे राहतात. परवा त्यांनी तिला विचारलं, "बाय, तुजा हात हाय का गोफन?"

"हात हाय बाबा," आरोही म्हणाली. "एक शिवलेला हाय."

म्हातारे म्हणाले, "शिवलेला जास्ती टिकतो."

आज तिने पूर्ण लांबीवरून टाकला. मिटमध्ये माझा तळहात अजून झिणझिणतोय, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे. दादा, माझं वय झालंय, गुडघे जातात, पण आज घरी येताना मी रिक्षा केली नाही. चालत आलो, तिच्या बरोबरीने, आणि ओळखीचं कोणी भेटावं असं वाटत होतं.

दत्ताराम


५ मे २०२४

दादा,

अमोलच्या लग्नात तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, त्याचं मला काही नाही. वहिनींनी सरूला साडी दिली, हळदीकुंकू लावलं, ते पोचलं.

पण पंगतीत कोणीतरी तुम्हाला विचारलं, "दत्तारामची मुलगी दिसत नाही?" तुम्ही म्हणालात, "तिचं काय विचारता, ती गेली हातातून." मी दोन माणसं सोडून बसलो होतो. अमोलचं लग्न होतं म्हणून जेवून उठलो. आज सांगतो.

आरोही गेल्या वर्षी परत तिकडे गेली. कोणी बोलावलं नव्हतं. स्वतः जाऊन नव्याने निवड चाचणी दिली, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरींबरोबर रांगेत उभी राहून. ज्या टीमने तिचा करार संपवला त्याच टीमने पुन्हा घेतली. आता शेवटचा डाव तिचा असतो. टीम थोडक्यात पुढे असली की शेवटच्या डावात फक्त तिलाच आणतात, कारण तिथे दुसऱ्या कोणावर त्यांचा भरवसा नाही. ती गोठ्यातून निघाली की मैदानातली माणसं उभी राहतात. मी मोबाईलवर बघितलंय. लहान मुली पाठीवर तिचं नाव लिहून येतात, त्यांच्या लिपीत. ते आपलं आडनाव आहे दादा, तुमचंही.

कधी कधी हरतेही. हरली की सगळ्यांसमोर हरते, कारण शेवटी तीच उभी असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा बॉल मागायला जाते. माझ्यात एवढी हिंमत नाही. तुमच्यातही नसावी, राग मानू नका.

सहा वर्षं मी तुम्हाला समजावून सांगतोय. प्रत्येक पत्रात पोरीच्या वतीने हात जोडल्यासारखं वाटतं मला लिहिताना. आता ते बंद. पत्र लिहीन, कारण तुम्ही माझे थोरले भाऊ आहात आणि घरातली बातमी तुम्हाला कळली पाहिजे. माफी मागण्यासारखं तिने काही केलेलं नाही. मीही नाही.

दत्ताराम


२८ ऑक्टोबर २०२५

दादा,

त्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मला बोलता आलं नाही. आज सावकाश लिहितो.

आरोहीने आधीच जाहीर केलं होतं की हे वर्ष शेवटचं. कोपर पुन्हा कुरकुरतंय, आणि ते तुटायच्या आत स्वतः थांबायचं असं तिने ठरवलं. टीम फायनलला आली. आमच्याकडे मोठा टीव्ही मांडला होता. जुन्या शेजारच्या हंसाबेन, त्यांचा नीरज, खालच्या मजल्यावरची माणसं, सेवानिवृत्त झालेला आमचा गुणवंत, बसायला जागा नव्हती. रुचिता मॅडम आल्या, काठी टेकत. त्यांना खुर्ची दिली.

पुढचं तुम्ही बघितलंच. शेवटचा डाव, एका धावेची आघाडी. आरोही आली, दोघी बाद केल्या. मध्ये दोन साधे फटके गेले आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर बायका उभ्या राहिल्या. एक बाद करायची राहिली होती. समोर ती दांडगी, या वर्षीची सगळ्यात भारी बॅटवाली. आरोहीने तिला चारही बॉल बाहेर टाकले. बेस भरले. मग पुढची पोरगी आली, नवखी. दोन बॉल तिला दिसलेच नाहीत. तिसऱ्याला तिची बॅट मोडली आणि बॉल जीव नसल्यासारखा उडून तीन मुलींच्या मध्ये पडला. एकीने अंग टाकून झेप घेतली, बोटभर कमी पडली. दोन धावा गेल्या. हरलो.

टीव्हीवर आरोही त्या झेप घेतलेल्या मुलीकडे गेली, तिला उठवलं, तिच्या गुडघ्यावरची माती झटकली. मग जागेवर परत आली, टोपी काढली आणि मैदानाला वाकून नमस्कार केला. समोरच्या टीमच्या मुली आनंदाने नाचत होत्या, त्या थांबल्या आणि त्याही वाकल्या. रुचिता मॅडम म्हणाल्या, "मी हिला फेकायला शिकवलं. हे नव्हतं शिकवलं."

तेवढ्यात फोन वाजला. अमोलचा नंबर. मी म्हटलं, "हां अमोल." आणि आवाज तुमचा.

"दत्ता, त्या दांडगीला चार बॉल बाहेर कशाला टाकलान? घाबरली काय?"

साडेसात वर्षांनी. हॅलो नाही, कसा आहेस नाही.

मी नुसतं "दादा" म्हटलं.

"बेस भरून ठेवलान आणि मग तिसरा बॉल असा हातात दिलान. तिला थेट भिडायला हवं होतं," असं म्हणालात आणि फोन कट झाला. तुम्ही ठेवलात की रेंज गेली, देव जाणे.

सरूने विचारलं, "कोण होतं?"

"दादा."

"काय म्हणाले?"

"आरोहीचं चुकलं म्हणतायत. चार बॉल बाहेर टाकायला नको होते."

सरू तिथेच खाली बसली. म्हणाली, "म्हणजे पहिल्यापासून बघितली त्यांनी." एवढ्या माणसांत तिने पदर डोळ्याला लावला, आणि हरल्याचं दुःख म्हणून सगळे तिला समजावत राहिले.

दादा, अमोलला क्रिकेटच्या पलीकडे काही कळत नाही. बेस कशाने भरतात, चार बॉल बाहेर गेले की काय होतं, हे तुम्हाला त्याने सांगितलेलं नाही. ते मी लिहिलं होतं. सगळी पत्रं वाचलीत तर तुम्ही. मी काही विचारत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ती घाबरली नव्हती. त्या दांडगीने या वर्षी आरोहीला दोनदा मैदानाबाहेर मारलं होतं. तिच्याशी भिडायचं की तिला फुकट सोडून नवखीला गाठायचं, हे कोचने आरोहीवर सोपवलं. तिने विचार करून ठरवलं, आणि बॉलही बरोबर पडला, बॅट मोडली ती उगीच नाही. पुढचं कोणाच्या हातात नव्हतं. मी तिला विचारलं, "परत तीच वेळ आली तर?" ती म्हणाली, "तेच करेन पप्पा. चारही बाहेर, आणि तिसरा तोच."

मला तिच्या जिंकलेल्या सामन्यांइतकाच या सामन्याचा अभिमान वाटतो. जास्तच वाटतो, खरं सांगायचं तर.

गुरुवारी ती कायमची घरी आली. नवीन वर्षापासून इथल्या मुलींना शिकवणार आहे, मैदानाचं बोलणं झालंय. तुमच्या फोनचं सांगितलं तेव्हा ती जेवत होती. घास तसाच धरून म्हणाली, "काका असं म्हणाले? घाबरली?"

"म्हणाले."

"त्यांना फोनवर नाही कळायचं. समोर उभं राहून दाखवावं लागेल."

उद्या सकाळी ती काशीमीऱ्याहून एसटीने गावी, तुमच्याकडे निघतेय. एकटीच येतेय, मला नको म्हणाली. हे पत्र पोस्टात टाकत नाही, तिच्याच हातात देतोय. ती दारात आली की आधी तिचं ऐका, पत्र मागाहून वाचलंत तरी चालेल. चूक काढायची असेल तर तिच्या तोंडावर काढा. ती शांतपणे ऐकून घेईल.

पटेलच तिला, असं नाही.

दत्ताराम